मनियारीण खाला आणि न्यूयॉर्कच्या बायका

ईदच्या आधीचे चार दिवस आमच्या मोहल्ल्यात मनियारीण खालाच्या ओट्यावर बसायला जागा मिळत नसे. मनियार म्हणजे बांगडीवाले, हिंदू मोहल्ल्यात ज्यांना कासार म्हणतात तेच काम. खालाचा हात असा होता की दोन-चार मापाच्या हातात ती दोन-दोनची बांगडी चढवून दाखवायची. साबणाचं पाणी लावायची, अंगठा तळहातात दुमडून घ्यायची आणि बोलत राहायची. ते बोलणं धंद्याचाच भाग होता. आपण तिच्या गोष्टीत गुंतलो की हात सैल पडतो आणि बांगडी सरकते. हात ताठ ठेवला तर काच फुटते आणि रक्त निघतं. म्हणून खालाजवळ बातमी कायम तयार असायची. कुणाची सून रुसून माहेरी गेली, कुणाच्या मुलीला बघायला कोण आलं होतं, सगळं. तुमचा हात तिच्या हातात अडकलेला असल्यामुळे नको असलं तरी उठून जाता येत नसे.

तिची आठवण यायला निमित्त झालं एका अमेरिकन नाटकाचं. लॉकडाऊनमध्ये माझी भाची आमच्याकडे चौसाळ्याला अडकली होती. ती इंग्रजी घेऊन एमए करत होती. मी उर्दू-मराठी शिकवणारी बाई, माझं इंग्रजी बीएडच्या पुस्तकांपुरतं. तरी रोज रात्री जेवणं उरकली की ती लॅपटॉप उघडायची आणि मला बाजूला बसवायची. एके रात्री तिने १९३९ सालचा एक जुना सिनेमा लावला, 'द विमेन'. म्हणाली, "खालाजान, यात एकही पुरुष नाही." मला वाटलं, नसतील फारसे. पण खरंच एकही नाही. शंभराहून जास्त पात्रं आणि सगळ्या बायका. नवरे, मित्र, वकील यांच्याबद्दल सतत बोललं जातं, फोनवर त्यांच्याशी बोललं जातं, पण पडद्यावर कोणी येत नाही. सिनेमातली कुत्री-मांजरंसुद्धा माद्याच घेतल्या होत्या, असं सांगतात.

मूळ नाटक क्लेअर बूथ या बाईचं. १९३६च्या डिसेंबरात ते न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आलं आणि त्याचे साडेसहाशेहून अधिक प्रयोग झाले. लिहिणारी स्वतः त्याच श्रीमंत वर्तुळात वावरलेली. पहिलं लग्न एका बड्या घरात होऊन मोडलेलं. नाटक येण्याच्या वर्षभर आधी तिने 'टाइम' साप्ताहिकाच्या हेन्री लूसशी दुसरं लग्न केलं. पुढे ती अमेरिकन काँग्रेसमध्ये निवडून गेली आणि इटलीत राजदूत झाली. म्हणजे ज्या बायकांवर तिने लिहिलं त्यांना ती चांगली ओळखत होती. त्यांच्यावर तिने दया दाखवलेली नाही.

गोष्ट थोडक्यात अशी. मेरी हेन्स ही सुखी, पैसेवाली, एका मुलीची आई. तिच्या नवऱ्याचं अत्तराच्या काउंटरवर काम करणाऱ्या एका मुलीशी प्रकरण चाललं आहे. हे मेरीची मैत्रीण सिल्व्हियाला कळतं, तेही नखं रंगवणाऱ्या एका मुलीकडून. लवकरच मेरी सोडून सगळ्या मैत्रिणींना कळतं. आता सिल्व्हिया काय करते? ती मेरीला सांगत नाही. आपली लालभडक नखं तिच्यापुढे नाचवते आणि म्हणते, हा नवा रंग आहे, अमक्या ठिकाणी जा, तमक्या मुलीकडूनच लावून घे. रंगाचं नाव 'जंगल रेड'. मेरी जाते. नखं रंगवणारी मुलगी तिचा हात हातात घेते आणि समोर कोण बसलंय हे माहीत नसल्यामुळे मिसेस हेन्सच्या नवऱ्याची सगळी कहाणी मिसेस हेन्सलाच ऐकवते.

एवढं बघितलं आणि मी चहा टाकायच्या निमित्ताने उठले. भाची म्हणाली, "थांबवू का?" मी म्हटलं, "चालू राहू दे."

चौसाळा बीड तालुक्यातलं, धुळे-सोलापूर हायवेवरचं गाव. न्यूयॉर्कशी त्याचा काय संबंध? पण दर महिन्याला आमची भिशी बसते. मी सांगतेय त्या काळी बारा जणी होतो आणि प्रत्येकीचे पाचशे रुपये. गावाच्या मानाने श्रीमंतांची भिशी. कापसाच्या व्यापाऱ्याची बायको, ठेकेदाराची बायको, ट्रकवाल्यांच्या दोघी, आम्ही दोघी-तिघी पगारवाल्या. ज्यांच्या घरचे पुरुष दिवाळीनंतर कोयता घेऊन साखर कारखान्याकडे जातात, त्यांच्या बायका या भिशीत नव्हत्या. त्याही नवऱ्याबरोबर उसाच्या फडात जात. दुपारी तीन ते पाच बसून बोलायला आधी घरात दुपार मोकळी असावी लागते. क्लेअर बूथने हे अचूक पकडलंय. तिच्या बायकांना काम नाही, त्या कमवत नाहीत, आणि अंगावरच्या कपड्यापासून घरातल्या नोकरापर्यंत सगळं एका पुरुषाच्या मर्जीवर आहे. अशा बाईला दुसऱ्या बाईच्या नवऱ्याची बातमी म्हणजे नुसती करमणूक वाटत नाही. आपली पाळी कधी येईल, याचा ती अंदाज घेत असते.

भिशीची वेळ अशी की पुरुष घरात नसत. दाराबाहेर बारा जोड चपला आणि आत खोबऱ्याची वडी, चिवडा, चिठ्ठ्यांचा डबा. पुरुष एकही नसायचा आणि तोंडात मात्र तेच असायचे. "हमारे ये बोले", "उनके वो गए थे". नाव कोणी घेत नसे.

त्या वर्षी, म्हणजे २००९च्या सुमारास, रमजान लागायच्या आधीच्या भिशीत ठेकेदाराच्या बायकोने हळू आवाजात सांगितलं की आमच्यातल्या एकीच्या नवऱ्याने दुसऱ्या गावी दुसरं घर केलंय. निकाहही झालाय. ती एक जण त्या दिवशी उशिरा येणार होती. ती माझी मैत्रीण. बीएड आम्ही बरोबर केलं होतं. एका खोलीत राहिलो, एका स्टोव्हवर खिचडी शिजवली, सराव पाठांचे तक्ते एकमेकींना काढून दिले. माझ्यापेक्षा तिचं मराठी चांगलं होतं. लग्न होऊन ती चौसाळ्यात ट्रकवाल्याच्या घरी आली आणि नोकरीचा विषय संपला. पुढे मला याच गावात शाळा मिळाली तेव्हा सगळ्यात जास्त आनंद तिला झाला होता.

इथे काही वाचक मनात म्हणतील, दुसरा निकाह ना, यांच्यात असतंच. म्हणू द्या. मेरीचा नवरा स्टीफन हेन्स कुठल्या मोहल्ल्यातला होता? त्यानेही मेरीशी घटस्फोट झाल्यावर त्या अत्तरवालीशी लग्नच केलं.

तर ती आली. दारात चपला काढताना तिचा आवाज ऐकू आला आणि आतल्या अकरा जणी एकदम कापसाच्या भावावर बोलायला लागल्या. ती बसली, वडी घेतली, हसून म्हणाली, "मैं आई तो सब चुप क्यूं हो गे?" कोणीतरी म्हणालं, "तेरी नजर लगती गे." सगळ्या हसल्या. मीही हसले.

त्या रात्री मला झोप लागली नाही, असं लिहायला बरं वाटलं असतं. मला नीट झोप लागली. सकाळी उठून मी ठरवलं की तिला कळायलाच हवं, पण माझ्या तोंडून नको. माझ्या तोंडून कळलं तर ती विचारणार, तुला कुणी सांगितलं, कधीपासून माहीत आहे, आणखी कोणाला माहीत आहे. मग ठेकेदाराच्या बायकोशी माझं वाकडं होणार. तिचा नवरा मला रस्त्यात गाठणार. शाळेत बोभाटा होणार. ही सगळी कारणं खरी होती. त्यांच्या तळाशी आणखी एक कारण होतं, ते मला पुष्कळ वर्षांनी दिसलं. ती बातमी ऐकताना तिचा चेहरा कसा होतो, हे मला बघायचं नव्हतं, आणि नंतर तो कसा झाला हे मात्र ऐकायचं होतं.

दोन दिवसांनी मी तिला म्हटलं, "मनियारीण खालाकडे नवा माल आलाय. हिरव्या, सोनेरी ठिपक्याच्या. ईदची गर्दी व्हायच्या आत भरून घे."

ती गेली. संध्याकाळी माझ्या दारात आली तेव्हा डाव्या हातात डझनभर हिरव्या बांगड्या होत्या आणि उजवा हात मोकळा. खालाने डावा भरता भरता सांगितलं होतं आणि ती उजवा न भरताच उठली होती. आत आली नाही. उभ्यानेच विचारलं, "तेरेकू मालूम था क्या?"

मी म्हटलं, "नाही गं. काय झालं?"

मराठीत म्हटलं, हे मला चांगलं आठवतं. आम्ही दोघी एकमेकींशी नेहमी घरच्या बोलीत, दखनीत बोलायचो. त्या दिवशी खोटं बोलायला मला मराठी सोपी गेली. वर्गात उभं राहून बोलावं तसा आवाज लागला.

नाटकातल्या आणि खालाच्या प्रसंगात एक फरक आहे आणि त्याचा मी खूप विचार केला. नखं रंगवणाऱ्या मुलीला समोर कोण आहे हे माहीत नसतं. ती बडबडते, आणि शेवटी गिऱ्हाईक कोण हे कळलं की तिला धरणी पोटात घेईल तर बरं असं होतं. प्रेक्षक त्यावर हसतात. आमच्या खालाला सगळं माहीत होतं. तिने ओट्यावरच्या दोन पोरींना आधी उठवून आत पाठवलं, मग हात धरला आणि मग सांगितलं. अकरा मैत्रिणींनी जे काम टाळलं ते तिने डोळ्याला डोळा भिडवून केलं. तिच्या नावाने मात्र मोहल्ल्यात वर्षभर बोललं गेलं की म्हातारीच्या तोंडात तीळ भिजत नाही. बोलणाऱ्यांत मी नव्हते, पण गप्प बसणाऱ्यांत होते.

मी वर्गात मुलांना शब्दांच्या जोड्या लावायला शिकवते. उर्दूतले तीन शब्द घ्या: गीबत, बोहतान, चुगली. पाठीमागे बोललेली गोष्ट खरी असेल तर ती गीबत. खोटी असेल तर बोहतान. इकडचं तिकडे नेऊन दोघांत बिघाड करणं ही चुगली. हा फरक हदीसमध्येच सांगितलाय, आणि खरं आहे म्हणून गीबतीला सूट नाही. मराठीत चहाडी, कागाळी, कुचाळकी, कुटाळकी, उखाळ्यापाखाळ्या असा मोठा संसार आहे. पण बोललेलं खरं की खोटं यावरून शब्द बदलण्याची सोय मला मराठीत सापडली नाही. कोणाला माहीत असेल तर जरूर कळवा.

हा फरक डोक्यात ठेवून देवलांचं 'संशयकल्लोळ' आठवून बघा. १९१६चं नाटक, अजूनही प्रयोग होतात. त्यातही पैसेवाली मंडळी आहेत, एक हरवलेली तसबीर आहे, कान भरणारा नोकर आहे, फाल्गुनरावाला बायकोचा संशय आणि कृत्तिकेला नवऱ्याचा. पण तिथे सगळा संशय खोटा. शेवटी खुलासा होतो, गैरसमज फिटतो आणि आपण हसत घरी जातो. ते बोहतानचं नाटक. 'द विमेन' हे गीबतीचं नाटक. त्यात मेरीबद्दल जे जे बोललं जातं ते जवळजवळ सगळं खरं आहे, म्हणून खुलासा करायला काही उरतच नाही. खोट्या अफवेला बाई उलटून उत्तर देऊ शकते. खऱ्या बातमीला काय उत्तर देणार? तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'मधल्या बेणारेबाईंचं हेच होतं. त्यांच्यावरचा आरोप खरा आहे, आणि बाकीचे तो खेळ म्हणून चघळत बसतात. बेणारेबाई शिक्षिका आहेत, हे मी प्रत्येक वेळी वाचताना विसरायचा प्रयत्न करते.

आणि हे फक्त बायकांचं, असं कोणी समजू नये. हायवेच्या हॉटेलांवर सकाळी सात वाजता पुरुषांची जी भिशी भरते, तिला चर्चा म्हणतात.

सिनेमात एक जागा मला फार आवडली. मेरी आणि तिच्या नवऱ्याचं मोठं भांडण होतं, ते आपल्याला दाखवत नाहीत. घरातली मोलकरीण दाराआडून ऐकते आणि स्वयंपाकघरात येऊन स्वयंपाकिणीला साभिनय सांगते. साहेब असं म्हणाले, मग बाईसाहेब तसं म्हणाल्या. नवऱ्याची बाजू आपल्याला कळते ती एवढीच, मोलकरणीच्या तोंडून. पुरुष रंगमंचावर आणायचे नाहीत असं ठरवलं की त्यांच्याबद्दलची प्रत्येक गोष्ट ऐकीव होते. म्हणजे दोन-सव्वादोन तास प्रेक्षकही त्या भिशीतच बसलेला असतो, चिवडा खात. भाचीला मी हे म्हटलं तर ती म्हणाली, "खालाजान, हे परीक्षेत लिहू का?"

मेरीची आई तिला सल्ला देते की गप्प बस, नवऱ्याला विचारू नकोस आणि मैत्रिणींना तर मुळीच सांगू नकोस. माझी अम्मी शब्द न बदलता हेच म्हणाली असती. मेरी ऐकत नाही आणि घटस्फोटासाठी रेनोला जाते. त्या काळी न्यूयॉर्क राज्यात व्यभिचार सिद्ध केल्याशिवाय घटस्फोट मिळत नसे, आणि नेवाडातल्या रेनोत सहा आठवडे राहिलं की मिळत असे. त्यामुळे देशभरच्या पैसेवाल्या बायका तिथे दिवस मोजत बसलेल्या. आपल्याकडच्या इद्दतीची आठवण आली, फक्त इद्दत तलाकनंतर असते आणि यांची आधी. नाटकातली खरी मैत्री मला तिथे दिसली. कोणाजवळ लपवायला काही उरलेलं नाही, सगळ्या एकाच रांगेत. सिल्व्हियाही तिथे येऊन पोचते, कारण तिच्याही नवऱ्याने तेच केलंय. ज्या बाईपायी केलं, ती शेजारीच बसलेली निघते. मग जी मारामारी होते, चावाचावीसकट, ती बघून मी इतकी हसले की आतल्या खोलीतून हे ओरडले.

शेवट मला पटला नाही. मेरी दोन वर्षं सहन करते आणि मग त्याच बायकांची हत्यारं उचलते. कान भरते, भांडणं लावते, नखांना तोच लाल रंग लावते आणि नवरा परत मिळवायला निघते. मिळवायला निघते कोणाला, तर त्यालाच. लोक टाळ्या वाजवतात. गंमत म्हणजे सिनेमा काळा-पांढरा, त्यामुळे तो लालभडक रंग दिसतच नाही, राखाडी दिसतो. मधला कपड्यांचा फॅशन शो तेवढा रंगीत आहे.

लॉकडाऊन उठल्यावर मी मैत्रिणीकडे गेले. आमचं जाणं-येणं या सगळ्या वर्षांत तुटलं नव्हतं. तिने तलाक घेतला नाही. नवऱ्याच्या घराचा वरचा मजला स्वतःच्या नावावर करून घेतला आणि तिथे शिकवण्या सुरू केल्या, पहिली ते सातवी. आज तिच्याकडे माझ्या शाळेतली मुलंही जातात. भिशी तिने एक महिनाही चुकवली नाही. त्या काळात मला तिच्या या हिमतीचं नवल वाटायचं. जिथे आपलं नाव चघळलं गेलं तिथेच जाऊन चिठ्ठ्या उचलायच्या.

मी तिला सिनेमाची गोष्ट सांगितली. पत्त्यांचा डाव सांगितला, सिल्व्हियाची नखं सांगितली, नखं रंगवणारी मुलगी सांगितली. माझा आवाज ठीक लागत नव्हता, ते तिला कळत असणार. ती मेथी निवडत होती. मी म्हटलं, "तेरेकू एक बात बोलनी है. वो खाला के पास..."

"तूने भेजी थी," ती म्हणाली. मान वर केली नाही.

"तेरेकू कब समझा?"

"उसीच दिन." तिने मेथीची जुडी झटकली. "अगं, त्या आठवड्यात तुम्ही तिघींनी मला बांगड्या भरायला पाठवलं. आधी ठेकेदाराची, मग कापूसवाली, मग तू. रमजान लागायचा होता अजून. इतक्या आधी ईदच्या बांगड्या कोण भरतं? खालाच्या ओट्यावर चढताना मला एवढं कळलं होतं की काहीतरी आहे. काय आहे तेवढं तिने सांगितलं."

मी काही बोलले नाही. ती मराठीत बोलली होती, हे माझ्या जरा उशिरा लक्षात आलं.

थोड्या वेळाने तिने निम्मी मेथी माझ्यापुढे सरकवली. मी निवडायला घेतली. खाली तिच्या शिकवणीची पोरं जिन्यात गोंधळ घालत होती. ती उठून कठड्यापाशी गेली, त्यांना दामटलं आणि परत येऊन बसली. मग विचारलं, "वो पिक्चर में, वो भेजनेवाली का आगे क्या हुआ?"

मी सांगायला लागले.